वाडीत बसून केलेली कमाई

"मॅडम, मी शेतकरी की ड्राफ्ट्समन, एवढं फक्त ठरवून द्या," असं म्हणत मेल्विननं मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

नाताळ तोंडावर आला होता. त्या दिवसांत वसईजवळच्या गास गावची ख्रिस्ती माणसं सहसा माझ्या टॅक्सच्या ऑफिसकडे फिरकत नाहीत. त्यांना येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बांधायचे असतात, चांदण्या लावायच्या असतात, फराळ करायचा असतो. त्यामुळे मेल्विन दिसला तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी अडलंय. रिटर्न भरायला जुलैत यायची वेळ असते तेव्हा न येणारा माणूस डिसेंबरात येतो तो निस्तरायलाच येतो.

मोबाइलवर एका कंपनीच्या एचआरची मेल होती. ही कंपनी वसई पूर्वेला, आग विझवायच्या पाइपलाइनींची कामं करणारी. मेल्विनला तिथे नोकरी मिळाली होती. जॉइनिंगची तारीखही ठरली होती. मेलमधलं इंग्रजी अगदी गोडगोड होतं, पण मतलब कडू होता. तुमचा बायोडेटा आणि तुमचं रिटर्न जुळत नाही, खुलासा करा, तोवर जॉइनिंग थांबवलं आहे.

आता हे काय प्रकरण ते सांगते. मेल्विनची जुनी कंपनी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात बंद पडली. तेव्हापासून तो घरी बसून इमारतींच्या पाइपांची ड्रॉइंग करून देत होता. एखादा कॉन्ट्रॅक्टर, एखादा आर्किटेक्ट, जे येईल ते काम. बायोडेटात त्यानं तसं लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. हल्ली कंपन्या माणूस घेण्याआधी त्याचा पीएफचा रेकॉर्ड बघतात. नोकरीत असताना दर महिन्याला पीएफ जमा होतो, त्यामुळे माणूस कधी कुठे होता ते त्यात दिसतं. मेल्विनचे ते सगळे महिने कोरे होते. कोरेच असणार, स्वतःचं काम करणाऱ्याचा पीएफ कोण भरणार? म्हणून एचआरनं विचारलं, त्या काळाचं इन्कम टॅक्स रिटर्न दाखवा. यानं पाठवलं. त्या रिटर्नमध्ये सुरुवातीच्या काही महिन्यांचा पगार होता, आणि त्याखाली शेती उत्पन्न. ड्रॉइंगचा कुठे पत्ताच नव्हता.

"हे कोणी भरलं?" मी विचारलं.

"मीच. मोबाइलवर व्हिडिओ बघून."

मी कपाळाला हात लावला. मेल्विनला मी तो विशीत असल्यापासून ओळखते. त्याच्या पहिल्या कंपनीचे पीएफचे कागद आमच्या ऑफिसात यायचे. तेव्हा मी दुसऱ्याच्या हाताखाली काम करत होते. पुढे नालासोपाऱ्यात माझं स्वतःचं ऑफिस झालं, तेव्हा तो पेढे घेऊन आला होता. म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि प्रसंगी झाडतेसुद्धा. त्या दिवशी झाडलाच. पाइपलाइनीत एका इंचाची चूक चालत नाही म्हणणारा माणूस, आणि रिटर्नमध्ये अख्खा धंदाच बदलून टाकतो?

तो शांतपणे म्हणाला, "चूक नाही मॅडम. वाडीतच बसून केलं ना ते काम. वाडीतल्या खोलीत कॉम्प्युटर आहे. पैसे वाडीच्या खात्यावर आले. मग ते वाडीचंच उत्पन्न झालं."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण नाही, तो खरंच तसं समजून होता, निदान निम्मं तरी. उरलेलं निम्मं म्हणजे शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो हे त्याला ठाऊक होतं. माणसाला सोयीचं असतं ते लवकर पटतं. मी मूळची सांगलीकडची, आता राहते विरारच्या चंदनसारला. आमच्याकडेही शेती आहे, पण शेतात बसून केलेला हिशोब शेतीत धरायचा हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

वाडीचं खातं म्हणजे काय ते मग त्यानं सांगितलं. गासला त्यांची भाजीपाल्याची आणि केळीची वाडी आहे. ती त्याचा मोठा भाऊ बस्त्याव बघतो. दोन्ही भावांची कुटुंबं आणि आई एकाच घरात, एकाच चुलीवर. वडील होते तेव्हापासूनची रीत अशी की घरात जो कोणी जे कमावेल ते थोरल्याच्या हाती जायचं. पूर्वी पेटी होती, आता बस्त्यावचं बँकेचं खातं आहे. नोकरीत असताना कंपनीनं मेल्विनला स्वतःचं खातं काढायला लावलं होतं, म्हणून पगार त्याच्या खात्यावर यायचा आणि मग तो दादाला द्यायचा. नोकरी गेल्यावर मधला तो थांबा कशाला, म्हणून त्यानं ड्रॉइंगच्या प्रत्येक बिलावर सरळ दादाचा खाते नंबर टाकला. कॉन्ट्रॅक्टर मंडळींना काय, पैसे कुठे टाकायचे ते सांगा की झालं.

म्हणजे काम केलं मेल्विननं, पैसे आले बस्त्यावकडे आणि सरकारला कळलं की ते केळीचे.

"आता मी एचआरला सांगू का की मी शेतीच करत होतो?" त्यानं विचारलं.

"म्हणजे बायोडेटा खोटा."

"मग ड्रॉइंगच करत होतो म्हणून सांगतो."

"म्हणजे रिटर्न खोटं."

 एकतर कंपनीशी खोटं बोललास, नाहीतर सरकारशी, असा तो पेच होता आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं करून ठेवला होता. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला ड्राफ्टिंगमध्ये सहजासहजी कोणी घेत नाही. पोरं निम्म्या पगारात तेच काम करतात. ही कंपनी वसईतच होती, मेडिक्लेम देत होती आणि तिला पाइपांचं काम जाणणारा अनुभवी माणूसच हवा होता. ही नोकरी गेली असती तर दुसरी कधी मिळेल याचा नेम नव्हता. शिवाय एकदा एचआरनं खोटारडा म्हणून शेरा मारला की आजूबाजूच्या कंपन्यांतही बातमी जायला वेळ लागत नाही.

मग त्यानं हळूच एक आयडिया काढली. एखाद्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडून मागच्या तारखेचं नोकरीचं पत्र आणलं तर? मी म्हटलं, तसं करायचं असेल तर चहा पी आणि जा. तसलं पत्र बनवणारे स्टेशनबाहेर बसतात, ते माझं काम नाही. तो खजील झाला आणि चहा पिऊन बसून राहिला, म्हणजे राहायचं ठरवलं होतं.

मी कॉम्प्युटरवर त्याच्या नावाचा टीडीएस उघडला. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरलेला कर. मोठे कॉन्ट्रॅक्टर बिल देताना तो कापतात आणि ज्याचा पॅन नंबर बिलावर असेल त्याच्या नावावर तो जमा होतो. मेल्विननं बिलावर खातं दादाचं दिलं होतं, पण पॅन स्वतःचा दिला होता, कारण दादाचा पॅन त्याला पाठ नव्हता. बस्स, तिथेच तो वाचला. दोन कंपन्यांनी त्याच्या नावानं कर भरला होता, तो सुद्धा तांत्रिक कामाचे पैसे दिले असं सांगून. सरकारला तो काय करतो ते आधीच माहीत होतं. आज ना उद्या नोटीस आलीच असती.

"हे पैसे तू परत मागितले नाहीस?" मी विचारलं.

"मागितले असते तर पकडलो असतो ना."

आता हसू की रडू अशी माझी अवस्था झाली. स्वतःचा छोटा व्यवसाय असलेल्या तांत्रिक माणसाला कायद्यात एक सोय आहे. वर्षभराची बिलं ठराविक मर्यादेत असली तर खर्चाचे कागद सांभाळायची गरज नाही. जेवढे पैसे आले त्याच्या निम्मं उत्पन्न धरायचं आणि त्यावर कर द्यायचा. मी त्याच्या पगाराचे महिने आणि ड्रॉइंगच्या कामाचा त्यानं सांगितलेला अंदाज घेऊन बेरीज केली. करमाफीच्या मर्यादेच्या बरीच आत येत होती. म्हणजे खरं सांगितलं असतं तर कर लागलाच नसता, उलट कापलेला टीडीएस परत मिळाला असता. लपवाछपवी करून या गृहस्थानं सरकारला काही बुडवलं नव्हतं, स्वतःचेच पैसे सोडून दिले होते.

मेल्विनचा चेहरा खुलला. मी म्हटलं, लगेच नाचू नकोस. चुकलेलं रिटर्न डिसेंबर संपेपर्यंत दुरुस्त करता येतं, ते आपण करू. पण अंदाजावर रिटर्न भरत नाहीत. टीडीएस न कापणारे छोटे लोकही होते, त्यांची बिलं कुठेत? ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती आणि मधे मोबाइल पाण्यात पडला होता. मग कोणी किती दिले ते कळायला एकच जागा उरली, बस्त्यावच्या खात्याचं स्टेटमेंट. एचआरलाही पैसे आल्याचा पुरावा तोच लागणार होता. शिवाय बस्त्यावनं लिहून द्यायला हवं होतं की खात्यावर आलेली ही रक्कम माझ्या भावाच्या कामाची आहे.

"दादा देईल," मेल्विन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. दादा देत नाही म्हणतो.

मला आधी वाटलं पैशाचा मामला असेल. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर मन असंच वाकडं चालतं. पण मेल्विन म्हणाला की तसं काही नाही, दादा भांडतही नाही, फक्त मान हलवतो आणि वाडीत निघून जातो. तुम्ही एकदा याल का? मी सहसा क्लायंटच्या घरी जात नाही. एकदा गेलं की पुढच्या वेळेला ते आपल्याच घरी येतात. पण दिवस थोडे होते आणि पोराची नोकरी अडली होती. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर या म्हणाला, त्या वेळेला स्कूटर काढून गासला गेले.

बस्त्याव पन्नाशी ओलांडलेला, उंच, हडकुळा माणूस. चर्चचे कपडे बदलून तो आधीच वाडीत उतरला होता आणि मुळ्याच्या वाफ्याला पाणी लावत होता. मला बघून त्यानं पाय धुतले, खुर्ची आणून केळीच्या सावलीत ठेवली आणि स्वतः पंपाच्या कट्ट्यावर बसला. मी समजावायला सुरुवात केली. रिटर्न, रिव्हाइज्ड रिटर्न, निम्मं उत्पन्न, टीडीएस, सगळं सांगितलं. तो फार अदबीनं ऐकत होता. माझं झाल्यावर त्यानं विचारलं, मुळे नेणार का, आज चांगले निघालेत. त्याच्या डोक्यात माझा एक शब्दही शिरला नव्हता, आणि त्यात चूक माझीच होती. माणूस कशाला घाबरतोय ते विचारायच्या आधीच मी उपाय सांगत सुटले होते.

म्हणून मी सरळ विचारलं, स्टेटमेंट द्यायला नको का वाटतं?

त्यानं पाण्याची धार दुसऱ्या वाफ्यात वळवली आणि मग बोलला.

"मॅडम, माझा बाप आनि काका ह्याच घरात होते. त्यांचं पयलं काय वेगळं झालं ठाव हाय? लाइटचं मीटर. काका बोलला, हिशोब बरा पडेल, बाकी कायच बदलनार नाय. मंग विहिरीच्या पान्याचे वार ठरले. मंग मधी बांध आला. काका मेला तवा माझा बाप मयताला लांब उभा होता, परक्या मानसासारखा." थोडा थांबून तो म्हणाला, "आमच्या घरात कमाई कोनाची ते कोन विचारत नाय. तुमी कागदावर लिवून मागता, हे मेल्विनचं, हे बस्त्यावचं. मी नाय देनार."

 तो अडाणीपणानं बोलत नव्हता. त्यानं घर फुटताना पाहिलं होतं, आणि ते कसं फुटतं हे माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. मेल्विन बाजूला उभा राहून जमिनीकडे बघत होता. एक क्षण वाटलं, उठावं आणि त्याला सांगावं की दुसरी नोकरी शोध.

तरी मी म्हटलं, "बस्त्यावभाऊ, पैसे कोणी खर्च केले ते सरकार विचारत नाही. ते घराचे, घरातच राहू देत. भावाभावांनी एकमेकांना पैसे दिले तर त्यावर करही नाही. सरकार एवढंच विचारतं की काम कोणी केलं. ती ड्रॉइंग तुम्ही काढलीत का?"

"मला माउसपन धरता येत नाय."

"बरं. आणि ही केळी कोणी लावली?"

"कोन लावनार? मीच."

"आता तुमच्या घरातून सरकारकडे जो कागद गेलाय, त्यात लिहिलंय की वाडी मेल्विन करतो. शेतीचं उत्पन्न त्याचं. तुमचं नाव त्यात कुठेच नाही."

तो पाणी तसंच सोडून उभा राहिला. त्यानं मेल्विनकडे पाहिलं. मेल्विननं मान वर केली नाही. वाफा भरून पाणी पायवाटेवर यायला लागलं तरी पंप बंद करायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी मेल्विनच जाऊन बंद करून आला.

"म्हंजे वाडी ह्यो करतो असं लिवलंय?" बस्त्यावनं मला विचारलं.

"हो."

"आनि मी काय करतो?"

 मला वाईट वाटलं. खरं तेच बोलले होते, पण ज्या माणसाच्या नखांत माती होती त्याला ते असं ऐकवायला नको होतं. तो वळून मुळ्याच्या वाफ्याकडे गेला. मी निघाले तेव्हा त्याच्या बायकोनं मुळ्याची जुडी स्कूटरच्या हुकाला अडकवली. मेल्विन गेटपर्यंत आला आणि म्हणाला, मॅडम, बहुतेक राहिलं. मलाही तसंच वाटत होतं.

सोमवारी दुपारी ऑफिसचं दार ढकलून बस्त्याव आत आला. एकटाच. अंगात रविवारचा शर्ट होता. बँकेत स्वतः रांगेत उभा राहून त्यानं स्टेटमेंट काढून आणलं होतं, त्यावर बँकेचा शिक्काही मारून घेतला होता. ते त्यानं टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आधी विचारलं, "ह्यानं वाटनी होत नाय ना?"

"नाही होत. खातं आहे तसंच राहील. फक्त इथून पुढे मेल्विनचे पैसे आधी त्याच्या खात्यावर येतील. मग त्यानं घरात किती द्यायचे ते तुमचं तुम्ही बघा."

"आनि त्याच्या नावावरची वाडी निघंल त्या कागदातून?"

"पूर्ण निघेल."

मग तो बसला.

मेल्विनला बोलावून घेतलं. दोघं भाऊ खुर्चीला खुर्ची लावून बसले आणि स्टेटमेंटमधली एकेक ओळ लावू लागले. हे त्या आर्किटेक्टचे, हे केळीच्या व्यापाऱ्याचे, हे विरारच्या कॉन्ट्रॅक्टरचे. कुठे मेल्विनला आठवायचं नाही तिथे बस्त्याव सांगायचा, हे तुझे, त्या दिवशी आईला डॉक्टरकडे नेली होती. गंमत म्हणजे कोणते पैसे कोणाच्या कामाचे हे त्याला अगदी बरोबर माहीत होतं. घरात विचारत नाहीत म्हणाला होता, पण लक्षात सगळं होतं.

रिटर्न दुरुस्त केलं. पगार पगाराच्या जागी, ड्रॉइंगचे पैसे व्यवसायात, शेतीच्या जागी शून्य. अंदाज बरोबर निघाला, कर काहीच लागला नाही. फक्त एक गोष्ट राहिली होती ती भरावी लागली, राज्य सरकारचा व्यवसाय कर. नोकरीत असताना तो कंपनी पगारातून परस्पर कापते, त्यामुळे पगारदार माणसाला त्याचं अस्तित्वच माहीत नसतं. स्वतःचं काम सुरू केलं की स्वतः नोंदणी करून भरायचा असतो. मेल्विननं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, एवढ्यावर सुटतोयस, भर मुकाट्यानं. पीएफ मात्र त्यानं मधल्या काळात काढला नव्हता, तेवढं शहाणपण होतं. दहा वर्षांची नोकरी भरली की पेन्शनचा हक्क मिळतो. पहिल्या कंपनीचा पीएफ त्यानं फार पूर्वीच काढून टाकला होता, त्यामुळे त्याला ती दहा वर्षं भरायला थोडीशी कमी पडत होती. लोक नोकरी सुटली की लगेच पीएफ काढून मोकळे होतात, मग ती जुनी वर्षं पेन्शनच्या हिशोबातून जातात. नवी नोकरी त्याच नंबरला जोडली की जुनी सेवा पुढे चालू राहते. मधले कोरे महिने आड येत नाहीत.

दुरुस्त रिटर्न आणि स्टेटमेंट एचआरला पाठवलं आणि वर एक पत्र लिहिलं. पत्रात काहीही रंगवलं नाही. मूळ रिटर्न चुकीचं भरलं होतं, ते दुरुस्त केलं आहे, पैसे घरच्या रीतीप्रमाणे थोरल्या भावाच्या खात्यावर येत होते. मेल्विनचं म्हणणं होतं की चूक झाली हे कशाला लिहायचं. मी म्हटलं, जे त्यांनी बघितलंय ते तू लपवणार कसं?

एचआरमधून वैष्णवी नावाच्या मुलीचा फोन आला तेव्हा बस्त्याव त्यानं द्यायच्या लेखी खुलाशावर सही करायला पुन्हा ऑफिसात आलेला होता. मुलगी बोलायला नीट होती, पण तिची अडचणही खरी होती. खातं दुसऱ्याच माणसाचं, मग काम याचंच कशावरून? उद्या माझा बॉस विचारेल, मॅडम, मी काय सांगू? मी म्हटलं, ज्यांचं खातं आहे ते समोरच बसलेत, त्यांना विचारा. आणि फोन स्पीकरवर टाकला. मेल्विन हातानं नको नको करत होता. दादा काय बोलेल याचा त्याला भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

वैष्णवीनं विचारलं, "सर, तुमचे भाऊ घरून फ्रीलान्स काम करत होते, हे तुम्ही कन्फर्म करू शकता का?"

बस्त्यावनं घसा साफ केला.

"फ्रीलान्स मला कळत नाय, बाय. तो वाडीतल्या खोलीत कॉम्प्युटरवर पाइप काढायचा, एवढं मी बघितलंय. दुपारी जेवायला तीन-तीन हाका मारायला लागायच्या. आला तरी ताटात बोटानं रेघा मारत बसायचा, भात थंड व्हायचा. माझी बायको वैतागायची. पैसे माझ्या खात्यावर आले, घराला लागले. पन त्यातली एक रेघ मी मारलेली नाय. ते काम माझ्या भावाचं हाय."

 पलीकडे वैष्णवी हसली आणि म्हणाली, "ओके सर. थँक यू." मेल्विन खिडकीकडे तोंड करून उभा होता. बस्त्यावनं मला विचारलं, बरोबर बोललो ना? मी म्हटलं, याहून चांगलं सर्टिफिकेट मी बनवू शकले नसते.

नाताळच्या आधी जॉइनिंगचं पत्र आलं. त्या वर्षी गासच्या घरून माझ्याकडे फराळाचा डबा आला, आणि मी तो ऑफिसात कुणाला न देता घरी नेला. पुढे महिन्याभरात टीडीएसचा परतावाही मेल्विनच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाला. त्यानं तो त्याच दिवशी दादाला पाठवला. दादानं परत पाठवला. त्यावर दोघांचं जे काही झालं ते त्यांच्या घरातलं, मी विचारलं नाही. मीटर अजून एकच आहे एवढं मला माहीत आहे.

खरं तर इथे फाइल बंद झाली. पण जूनमध्ये, रिटर्नची गर्दी नुकती सुरू होत होती तेव्हा बस्त्याव पुन्हा आला. तोच रविवारचा शर्ट. मला वाटलं मेल्विनचे कागद घेऊन आलाय. त्यानं स्वतःचं पॅन कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, माझं रिटर्न भरा.

मी त्याला समजावलं. तुमचं सगळं उत्पन्न वाडीचं. त्यावर कर नाही, रिटर्न भरायची सक्ती नाही. उगाच माझी फी कशाला देता?

"फी घ्या तुमी. पन भरा," तो म्हणाला. "मेल्विन काय काम करतो ते सरकारला कळलं. मी शाळा सोडल्यापासून वाडी करतोय. माझं कुठं लिवलेलं नाय."

मी भरलं. नाव, पत्ता, शेतीचं उत्पन्न, कर शून्य. फीही घेतली, कारण फुकट केलेलं काम लोक मनावर घेत नाहीत. पोचपावती छापून त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून सावकाश वाचली. मग विचारलं, "मॅडम, मागची वर्सं ह्याच्यात घालता येत नाय?"

नाही म्हणताना मला जड गेलं. एवढी जुनी वर्षं मागे जाऊन भरता येत नाहीत, कायदाच तसा आहे.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हितून तरी चालू झालं."

नोकरी सुटल्यावर चार दिवस स्वतःचं काम करणारी पुष्कळ माणसं आता माझ्याकडे येतात. पैसे कुठे आले हे मी नंतर विचारते, काम कोणी केलं ते आधी. त्याचं उत्तर सरळ आलं की पुढचा फॉर्म भरायला फारसा वेळ लागत नाही. आणि दर वर्षी जूनमध्ये पहिलं रिटर्न बस्त्यावचं असतं. कर शून्य, परतावा शून्य, नोटीस यायची शक्यता शून्य. माझ्या सगळ्या क्लायंटमध्ये न बोलावता वेळेवर येणारा तो एकटाच आहे, आणि त्यालाच यायची गरज नाही.